अंगठ्याची पोच

बाबा गेल्यानंतर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा अगदी तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा सापडला. मनीऑर्डरच्या पोचपावत्या. परळच्या गिरणीत पगार झाला की बाबा गावी आजीला पैसे धाडत, आणि पैसे पोचले की फॉर्मचा तेवढा तुकडा आजीच्या अंगठ्यासकट पोस्टाने उलट मुंबईला येई. बाबांनी त्यातली एकही पोच टाकली नव्हती. काही ठसे रेघ न् रेघ दिसावी इतके स्वच्छ, काही शाई जास्त लागल्याने पसरलेले. एका कागदाच्या कडेला पिवळं बोट उमटलेलं होतं, हळदीचं. आजी चुलीपासून उठून आली असणार.

आजीला लिहिता येत नव्हतं. मुलाला तिने पाठवलेली पत्रं म्हणायची तर हीच. मी आहे, माझा हात चालतो आहे, तुझे पैसे मिळाले. बाबा ती पोच पुन्हापुन्हा का बघत बसायचे, ते मला लहानपणी कळत नसे.

तो गठ्ठा आता डोंबिवलीला माझ्याकडे आहे. गेल्या मे महिन्यात गावी गेले, थोरल्या काकीबरोबर तिचे पैसे काढायला गेले, आणि तिथून परत आल्यावर तो पुन्हा एकदा सोडून बसले.

आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यात. बँकेची शाखा अकरा किलोमीटरवर, एसटी दिवसातून चार वेळा, त्यातली दुपारची पावसाळ्यात आली तर आली. काकी एकाहत्तर वर्षांची. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये दर महिन्याला तिच्या खात्यात येतात. यायचे तेव्हा येतात, दोन महिन्यांचे एकदमही येतात. ते काढायला तिला बँकेत जावं लागत नाही. वाडीच्या तिठ्यावर एक खोली आहे. तिथे झेरॉक्सचं मशीन, रिचार्ज, सातबारा, एसटीच्या सवलतीचे अर्ज आणि टेबलावर काचेचा लाल डोळा असलेलं अंगठ्याचं मशीन. ते चालवते ती आमच्या शेजारच्या घरातली सून. बँकेच्या कागदावर ती बँक मित्र. वाडीत तिला सगळे बँकवाली वहिनी म्हणतात. मीही तेच म्हणते.

काकीने पिशवीतून आधार कार्ड काढलं. वहिनीने त्याच्याकडे बघितलंही नाही. टेबलाच्या खणातून तिने एक लांबट वही काढली, पान उलटलं आणि म्हणाली, "काकीनू, डावो हात. मधला बोट."

मी वहीत डोकावले. एका रकान्यात नावं आणि समोर बोटं. उजवा अंगठा. डावी तर्जनी. डावी करंगळी, सकाळी. एका नावापुढे लिहिलं होतं, "हात धुऊन पुसल्यावर". मी विचारलं तेव्हा वहिनी सहज म्हणाली, "प्रत्येकाची दहाही बोटं करून बघायची तर रांग संपेचना. म्हणून ज्याचं जे लागतं ते लिहून ठेवलं." कोणत्याही बँकेच्या कुठल्याही यंत्रात ही माहिती नसेल. दीडेकशे माणसांची बोटं एका बाईने दोन वर्षांत, एकेक करून, हाताने उतरवून काढली आहेत.

काकीचं मधलं बोट त्या दिवशी लागलं नाही. वहिनीने काच पदराने पुसली. काकीला बोट केसांतून फिरवायला लावलं, कारण सुकलेल्या बोटाला डोक्याचं थोडं तेल लागलं की रेघा वर येतात. पुन्हा नाही. मग अनामिका, मग अंगठा, मग उजवा हात. दर वेळी ते मशीन लाल व्हायचं आणि दर वेळी काकी माझ्याकडे बघून ओशाळं हसायची, जणू तिचंच काही चुकतंय.

तिचं काहीच चुकत नाही. काकीने सव्वीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. बायका हाताला राख चोळून बसतात, तरी ते आत शिरतंच. आधी बोटं काळी पडतात, मग सालं निघतात, नवी कातडी येते, तीही जाते. असं होत होत शेवटी बोटाचा शेंडा गुळगुळीत होतो, नदीतल्या गोट्यासारखा. मी तिची बोटं हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. रेघा नव्हत्याच म्हटलं तरी चालेल.

"बियो फोडून फोडून बोटां गेली गो चेडवा," ती म्हणाली. "आता माझीच बोटां माका वळखत नाय."

अकराव्या वेळेला, डाव्या हाताच्या मधल्याच बोटाने, जरा तिरकं धरल्यावर, हिरवा दिवा लागला. वहिनीने खणातून नोटा मोजून दिल्या, पावती दिली, आणि वहीत काकीच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं: "तिरकं".

*

मी लहानपणी चार वर्षं गावी आजीजवळ होते. त्या काळी कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत, आणि ते खरंच होतं. भात चार महिने पुरायचं, उरलेले आठ महिने मुंबईचे. पोस्टमन खळ्यात आला की आजी आधी त्याला पाण्याचा तांब्या द्यायची, मग पायरीवर बसायची. तो फॉर्मच्या खालच्या भागातला मजकूर वाचून दाखवी. दोन ओळींची जागा, त्यात बाबांचं नेहमीचंच: तब्येत बरी आहे, पैसे मिळाल्याचे कळवावे, पोरीला सांभाळ. आजी ते तीनदा वाचायला लावायची आणि पोस्टमन तीनदा वाचायचा. मग शाई, अंगठा, शेजारच्या भाऊंची साक्षीची सही, आणि नोटा तिच्या तळहातावर. वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पोस्ट आधीच मुंबईत कापून घेई. त्या वाचनाचे पैसे मात्र कुणी घेत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पोस्टमन आमच्या घरावरून नुसता पुढे जाऊ लागला. तो जाताना मान खाली घालायचा, हे मला आठवतं. पैसे येत नाहीत यात त्याचा काय दोष? पण पैसे आणणारा माणूस असला की न आलेल्या पैशांचीही लाज त्यालाच वाटते.

१८८० मध्ये सुरू झालेली ती जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. तेव्हा गावात कुणाला फारसं कळलंही नाही. आदल्याच वर्षी ऑगस्टात जनधन योजना आली होती, घराघरात पासबुकं झाली होती. खाती झाली, पण बँक अकरा किलोमीटरवरून हलली नव्हती. ती हलवली या अंगठ्याच्या मशीनने. बँकेने आपल्या वतीने बाहेरचा माणूस नेमावा, ही मुभा रिझर्व्ह बँकेने २००६ मध्येच दिली होती. पुढे आधार आलं आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने आधारवरून पैसे काढायची सोय उभी केली. नंबर टाका, बँक निवडा, रक्कम टाका, बोट लावा. बोट खरं का हे आधारकडे विचारलं जातं, पैसे आहेत का हे बँकेकडे, आणि दोन्हीकडून होकार आला की वहिनीच्या फोनवर हिरवी खूण.

इथवर सगळं तारांतून. पण त्यापुढे काकीच्या हातावर ज्या नोटा पडतात त्या तारांतून येत नाहीत. त्या वहिनीच्या स्वतःच्या असतात.

मला हे आधी ठाऊक नव्हतं. मला वाटे बँक तिला नोटा आणून देत असेल. तसं नाही. काकीच्या खात्यातून दीड हजार वजा होतात, वहिनीच्या खात्यात जमा होतात, आणि वहिनी आपल्या खणातले दीड हजार काकीला देते. म्हणजे सकाळी दुकान उघडताना तिच्या खणात रोकड हवी. लाडकी बहीण योजनेचा हप्ता पडला की दारात पन्नास बायका. किसान सन्मानचे दोन हजार पडले की सगळे बाप्ये. एका सकाळी लाखभर लागतात. ती रोकड आणायला ती तालुक्याला जाते, स्वतःच्या खात्यातून काढते, पिशवीत डब्याखाली घालून एसटीने परत येते. हे भांडवल तिने बचत गटाच्या कर्जातून आणि एका पाटलीतून उभं केलं आहे. एका माणसाचे पैसे काढून दिल्याबद्दल तिला किती मिळतात ते तिने सांगितलं, आणि मला चहा घशाखाली उतरवणं कठीण गेलं. दहा वेळा काच पुसली तरी तेवढेच, आणि बोट लागलंच नाही तर काहीच नाही.

देश कॅशलेस होतोय असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या पायाशी कुठेतरी एका बाईच्या डब्याखालची कॅश असते.

*

हेच दुसऱ्या टोकाला केनियात घडलं आणि आपल्या आधी घडलं. तिथे ६ मार्च २००७ ला सफारीकॉम या मोबाइल कंपनीने फोनवरून पैशांची देवघेव करायची सोय काढली, एम-पेसा. एम म्हणजे मोबाइल आणि पेसा म्हणजे पैसा. स्वाहिली भाषेतला हा शब्द आपलाच आहे. ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत चलन रुपयाचंच होतं. त्याच्या मागे आपला पैसा समुद्रापार गेला आणि तिकडच्या भाषेत राहून गेला.

सुरुवातीला कल्पना अशी होती की छोटी कर्जं घेणाऱ्यांनी हप्ते मोबाइलवरून भरावेत. पण ज्यांना ते वापरायला दिलं त्यांनी त्याचं दुसरंच काही केलं. नैरोबीत राबणारी माणसं त्यावरून गावी पैसे धाडू लागली. कंपनीने मग तेच ब्रीद केलं: घरी पैसे पाठवा. हे वाचलं तेव्हा मला बाबा दिसले, परळच्या पोस्टाच्या रांगेत उभे.

केनियात हे चाललं ते दुकानदारांमुळे. किराणा विकणारा, रिचार्ज विकणारा, शिंपी, असे हजारो लोक एजंट झाले. नोटा घ्यायच्या आणि मोबाइलमध्ये पैसे टाकायचे, मोबाइलमधले घ्यायचे आणि नोटा द्यायच्या. सगळी कसरत एकच: खणातली रोकड आणि फोनमधले पैसे, दोन्ही कधी संपू द्यायचे नाहीत. शहरातल्या एजंटाकडे नोटा साचतात कारण लोक पाठवतात. गावातल्याकडे नोटा संपतात कारण लोक काढतात. गावचा एजंट मग बसमध्ये बसून शहरात जातो. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "त्यांच्याकडे एसटी वेळेवर येते काय?"

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये या सगळ्याचा हिशेब मांडला. एम-पेसामुळे केनियातली सुमारे १,९४,००० कुटुंबं दारिद्र्यातून वर आली, असं त्यांचं अनुमान आहे, आणि बाई कर्ती असलेल्या घरांत हा फरक अधिक. मला महत्त्वाचं वाटलं ते त्यांचं मोजमाप. किती जणांकडे फोन आहे यावर त्यांनी भर दिला नाही. घरापासून एक किलोमीटरच्या आत किती एजंट आहेत, हे त्यांनी बघितलं. बाईला चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक माणूस, ज्याच्या खणात नोटा आहेत. गावच्या तिठ्यावरची खोली मला त्या एका किलोमीटरात दिसते.

व्होडाफोनने २०१३ मध्ये एम-पेसा आपल्याकडेही आणलं होतं, ते २०१९ मध्ये गुंडाळलं. आपल्याकडे वाट वेगळी पडली. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. त्या डिसेंबरात मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, वडापावच्या गाडीवरही कार्डाचं मशीन आलं. पुढचं आपण सगळे जगलोच आहोत. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या १००० कोटींच्या वर गेली. पण नोटाही कमी झाल्या नाहीत. नोटाबंदीच्या आधी लोकांत आणि बँकांत मिळून साधारण १८ लाख कोटींच्या नोटा फिरत होत्या. २०२२ मध्ये त्या ३० लाख कोटींच्या पुढे गेल्या. काकीचं घर बघितलं की याचं मला नवल वाटत नाही.

*

काकीचं खातं दादाच्या मोबाइल नंबरला जोडलेलं आहे. दादा, म्हणजे तिचा मुलगा, ठाण्याला असतो. काकीकडे बटणांचा फोन, तो कधी चार्ज असतो, कधी नसतो, म्हणून खातं उघडताना दादाने आपला नंबर दिला. त्यात वाईट हेतू काहीच नाही. पण आता काकीने तिठ्यावर बोट लावलं की मेसेज ठाण्याला जातो, आणि ती घरी पोचायच्या आत शेजारच्या फोनवर त्याचा आवाज येतो: आये, हजार कशाला काढलेस, बरं आहे ना?

तो काळजीनेच विचारतो. काकी मात्र गप्प होते. एकदा मला म्हणाली, "माझ्या दीड हजाराचो त्येका हिशोब कित्याक?" काय सांगणार ती? की त्यातले दोनशे लेकीच्या मुलीला दिले, शंभर देवीच्या ओटीला, आणि पन्नास त्या नवऱ्याने टाकलेल्या बाईला, जिच्याशी बोलू नको असं दादाच सांगून गेला होता?

म्हणून ती पैसे जमा झाले की सगळे काढते. एकही रुपया खात्यात ठेवत नाही. "बँकेत असले तर घराचे, डब्यात असले तर माझे," ती म्हणते. मला नोटाबंदीच्या वेळची आई आठवली. त्या नोव्हेंबरात मेतकुटाच्या बरणीतून, देवघरातल्या पोथीतून आणि जुन्या ब्लाउजच्या गुंडाळीतून पाचशेच्या तेवीस नोटा काढून तिने बाबांपुढे ठेवल्या. अकरा हजार पाचशे. बाबा रागावले नाहीत, उलट कौतुकाने हसले. पण आईचा चेहरा मी बघत होते. तिने आयुष्यभर जपलेली एक खोली कुणीतरी बाहेरून उघडली होती.

मी स्वतः मुंबईत महिनोन्‌महिने नोटेला हात लावत नाही. भाजी, रिक्षा, फुलांची वेणी, सगळं स्कॅन. मला ते सोयीचं आहे आणि ते मी सोडणार नाही. गावातली तरुण पोरंही तेच करतात, तिठ्यावरच्या चहावाल्याच्या साउंडबॉक्सचा आवाज आमच्या खळ्यापर्यंत येतो. ते चांगलंच आहे. पण माझी सोय म्हणजे काकीची सोय, हे मला आता पटत नाही. तिला नोट लागते, आणि ती नोट देणारं ओळखीचं माणूस लागतं.

ते माणूस ओळखीचं असणं किती मोलाचं आहे, हे दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात कळलं. काकीने बोट लावलं, हिरव्या खुणेच्या आधीच रेंज गेली, स्क्रीनवर व्यवहार अयशस्वी. पासबुकात मात्र दीड हजार वजा. बँकेत गेलं तर त्यांनी सांगितलं, वाट बघा. बाहेरच्या एखाद्या केंद्रात असं झालं असतं तर काकी चोरीच समजली असती, आणि तसे प्रकार होतातही: पैसे काढून घेऊन "आले नाहीत" सांगणारे, पावती न देणारे. काही राज्यांत तर जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवले आणि खाती रिकामी केली. वहिनीने त्याच संध्याकाळी आपल्या खणातून दीड हजार काकीला दिले. गणपती तोंडावर होते. बँकेकडून ते पैसे काकीच्या खात्यात परत यायला सतरा दिवस लागले, आणि तोवर वहिनीच्या वहीत त्यांचं वेगळं पान होतं.

हे तिने करायला नको होतं. म्हणजे, ही जबाबदारी तिची नव्हती. रेंज गेली, मशीन अडलं, सर्व्हर झोपला, यातलं काहीही तिच्या हातात नाही, तरी गावाचं तोंड तिच्याकडेच असतं. पोस्टमनला निदान सरकारी पगार होता. २०१८ मध्ये पोस्टाची स्वतःची पेमेंट्स बँक निघाली, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोस्टमन हेच अंगठ्याचं मशीन घेऊन म्हाताऱ्यांच्या दारात गेले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. वहिनीला ना पगार, ना विमा, ना आजारपणाची रजा. तिच्यासारख्यांच्या जोरावर कोट्यवधी खाती चालू असल्याचं सांगितलं जातं. तिला नीट मेहनताना मिळायला हवा आणि न लागलेल्या बोटांचाही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

*

मी निघाले त्या सकाळी सव्वासातच्या एसटीला वहिनी होती. मांडीवर पिशवी, पिशवीत रिकामा डबा. मला पुढे कुडाळला गाडी पकडायची होती, पण वेळ होता, म्हणून वेंगुर्ल्यात तिच्याबरोबर बँकेत गेले. काउंटर उघडेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. तिने वही काढून मला दाखवली. नवी पानं लावली होती, कारण पावसाळ्यात शेतात उतरल्यावर लोकांची बोटं बदलतात. जी मे महिन्यात लागतात ती ऑगस्टात लागत नाहीत.

तिचा नंबर आला. साठ हजारांची स्लिप. कॅशियरने पाचशेच्या नोटांना हात घातला तशी ती खिडकीशी वाकून म्हणाली, "साहेब, शंभराच्या द्या ना. निदान पंधरा हजारांच्या तरी."

त्यांनी दहा हजारांच्या दिल्या. तिने त्या वेगळ्या बांधल्या आणि डब्याखाली सारल्या.

मी विचारलं, "सुट्ट्यांची अडचण होते का?"

"ती होतेच," ती म्हणाली. "पण म्हाताऱ्या बायकांना पाचशेची नको असते, ताई. तीन नोटा असल्या तर तीनच ठिकाणी लपवता येतात."